दप्तरावरचे चित्र आणि फळ्यावरचे अक्षर

मृग नक्षत्र लागले की आपल्या सातारा जिल्ह्यातील बहुतेक घरांपुढे दोन खरेद्या एकदमच उभ्या राहतात. एक शेताची आणि दुसरी शाळेची. सोयाबीनचे बियाणे आणि खताची पोती आणायची, त्याच पैशांतून वह्या, दप्तर, गणवेश आणि बूटही आणायचे. ज्यांच्या घरी शेती नाही, त्यांच्याही पगाराला जूनमध्ये शाळेच्या यादीचे भगदाड पडते. दुकानांच्या दारात रंगीबेरंगी दप्तरांच्या माळा लटकू लागतात आणि मुले आई-वडिलांचा हात धरून तिकडे ओढू लागतात. हे दृश्य कराडला दिसते, फलटणला दिसते आणि दहिवडी-वडूजच्या बाजारातही दिसते.

या सदरात आपण एरवी आजारांविषयी बोलतो. आज खरेदीविषयी बोलणार आहोत म्हणून वाचकांनी दचकू नये. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शाळकरी मुलांच्या ज्या तक्रारी दवाखान्यात येतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील खरेदीत असते. पाठ आणि खांदे दुखणे, पायाच्या बोटांमधील चिखल्या, जांघेतील गजकर्ण, बूट चावून झालेल्या जखमा ही त्यातली नेहमीची उदाहरणे. काही वेळा त्रास घेतलेल्या वस्तूचा नसतो. पैसे भलत्याच ठिकाणी संपल्यामुळे जे घ्यायचे राहून गेले, त्याचा असतो.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस पाटण भागातील एक शेतकरी आपल्या सहावीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. सोबत मुलाची आजी होती. मुलाचे डोके रोज दुपारी दुखे. ताप नाही, सर्दी नाही, जेवण व्यवस्थित. मी त्याला समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखा वाचायला सांगितल्या. पोरगा डोळे बारीक करून खुर्चीतून पुढे पुढे सरकू लागला. मी वडिलांना म्हटले, "याची नजर तपासून घ्या. चष्मा लागेल असे दिसते."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आत्ताच साळंची खरेदी झालीया. अजून सोयाबीनचं बी आणायचं हाय. चष्म्याचं दिवाळीला बघू."

मुलगा शाळेतून थेट आला होता. त्याच्या पायाशी एक कोरे करकरीत, चाकांचे, वर मोठे चित्र असलेले दप्तर ठेवलेले होते. आजींनी त्या दप्तराकडे बोट केले आणि मुलाला, म्हणजे आपल्या लेकाला, म्हणाल्या, "आरं, पोराला फळाच दिसंना, तर दप्तरावरलं चित्र काय कामाचं?"

आजींचे म्हणणे बिनतोड होते. त्यात वडिलांना दोष देण्यासारखेही काही नाही. मुलाने हट्ट केला, बापाने मायेने पुरवला. आपण सगळेच हे करतो. माझ्या स्वतःच्या मुलीच्या हट्टापायी मीही एकदा असेच दप्तर घेतले होते आणि दिवाळीच्या आत त्याची चेन तुटली होती. पण घरातला पैसा मोजका असतो. तो दिखाऊ वस्तूंत गेला की गरजेच्या वस्तूंना कात्री लागते, आणि ती बहुधा मुलाच्या प्रकृतीला लागते.

एक साधा नियम

खरेदीची यादी हातात घेतली की प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा: ही वस्तू मुलाच्या शरीराशी कशी भिडते? पाठीवर वजन टाकते का, पायाला आवळते का, अंगाला चिकटून राहते का, तिच्यातून पोटात काही जाते का, ती डोळ्यांसाठी आहे का? उत्तर 'होय' असेल तर तिथे हात आखडू नये. वस्तू केवळ मिरवण्यासाठी असेल, तर मागच्या वर्षीची चालेल, थोरल्या भावंडाची चालेल, शेजारच्यांची चालेल. या नियमाने खर्च कमी होतो, कचरा कमी होतो आणि मुलाची तब्येतही सांभाळली जाते. आता एकेक वस्तू घेऊ.

दप्तर : आधी वजन, मग रंग

दप्तराच्या ओझ्याची चर्चा जुनी आहे. प्रसिद्ध लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत याच विषयावर भाषण केले होते. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये असा निर्णय काढला की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. त्या धोरणानुसार पहिली-दुसरीच्या मुलांचे दप्तर १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीचे १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीचे २ ते ३ किलो, आठवीचे २.५ ते ४ किलो आणि नववी-दहावीचे २.५ ते ४.५ किलोच्या दरम्यान असावे. पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तरच नको.

नियम कागदावर आहे, पण घरात वजन कोण करतो? आमच्या दवाखान्यात चौथीतली एक मुलगी खांदे दुखतात म्हणून आली. तिचे वजन २४ किलो. म्हणजे दप्तर २.४ किलोपर्यंत हवे. आम्ही ते काट्यावर ठेवले, तर भरले ५.१ किलो. मग एकेक वस्तू काढून वजन केले. रिकामे दप्तर ९०० ग्रॅम, एक लिटर पाण्याने भरलेली बाटली १ किलो २०० ग्रॅम, डबा ६०० ग्रॅम, दोन मजली कंपास पेटी ३०० ग्रॅम आणि वह्या-पुस्तके २ किलो १०० ग्रॅम. आईला वाटत होते की सगळे ओझे पुस्तकांचे आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वजन पुस्तकांखेरीज इतर वस्तूंचे निघाले, आणि त्या सगळ्या घरच्यांनीच हौसेने घेतलेल्या होत्या.

त्यांनी मग साधे कापडी दप्तर घेतले, त्याचे वजन ४५० ग्रॅम. अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली अर्धी भरून न्यायची आणि शाळेत पुन्हा भरायची, तिचे ५०० ग्रॅम. लहान डबा ४५० ग्रॅम. कंपास पेटीऐवजी आईने शिवलेली कापडी पिशवी १०० ग्रॅम. वेळापत्रक पाहून तेवढीच पुस्तके नेली तर १ किलो. एकूण भरले अडीच किलो. नव्या दप्तराखेरीज यात फारसा खर्च झाला नाही. दोन आठवड्यांनी खांदेदुखीची तक्रार थांबली.

जड दप्तराने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, असे सर्रास बोलले जाते. पालकांनी तेवढे घाबरून जाऊ नये. परंतु मान, खांदे आणि कंबर यांचे स्नायू दुखणे, पुढे वाकून चालण्याची सवय लागणे आणि मूल थकून घरी येणे, हे निश्चित घडते.

नवे दप्तर घ्यायचेच असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. रिकामे असताना ते हलके असावे. पट्टे रुंद आणि आत मऊ भरण असलेले असावेत. दप्तराची रुंदी मुलाच्या पाठीपेक्षा जास्त नसावी आणि तळ कमरेच्या फार खाली लोंबू नये. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घेण्याची सवय लावावी. जड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावीत. चाकांची दप्तरे आपल्याकडच्या चिखलाच्या रस्त्यांवर आणि शाळेच्या जिन्यावर ओढता येत नाहीत, मुले ती शेवटी पाठीवरच घेतात आणि चाकांचे वजन फुकट वाहतात.

मागच्या वर्षीचे दप्तर धड असेल तर नवे घेऊच नये. चेन बिघडली म्हणून दप्तर टाकून देण्याची गरज नसते. बहुतेक वेळा नुसता रनर बदलला की चेन चालू लागते. उसवलेला पट्टा बॅग दुरुस्त करणारे कारागीर जाड दोऱ्याने असा शिवून देतात की तो मूळ शिलाईपेक्षा जास्त टिकतो.

पाण्याची बाटली आणि डबा

या दोन वस्तूंतून रोज मुलाच्या पोटात काही तरी जाते, तेव्हा इथे काटकसर विचारपूर्वक करावी. दर जूनमध्ये घेतलेली स्वस्त प्लास्टिकची बाटली दिवाळीपर्यंत पिचते, तिचे झाकण गळते आणि आतल्या खाचांत बुळबुळीत थर साचतो. एकदा चांगली रुंद तोंडाची स्टीलची बाटली घेतली तर ती अनेक वर्षे चालते. तोंड रुंद हवे, कारण ब्रश आत गेला पाहिजे. बाटली रोज घासून पालथी वाळवावी. झाकणातील रबरी कडे आठवड्यातून एकदा काढून धुवावे, काळी बुरशी बहुधा तिथेच असते. तांब्याची बाटली वापरणाऱ्यांनी तिच्यात लिंबू सरबत, ताक असे आंबट पदार्थ कधीही भरू नयेत.

डबा स्टीलचाच बरा. गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात भरू नये. चरे पडलेला, डाग आणि वास धरलेला प्लास्टिकचा डबा खाण्यासाठी वापरू नये, त्यात खोडरबर आणि पेन्सिली ठेवाव्यात. घरात आजीच्या काळातील स्टीलचा लहान डबा असतोच, तो काढून घासला की झाले. नवा घ्यायचा तर भांड्यांच्या दुकानात जुनी भांडी मोडीत देऊन घेता येतो.

पोळी गुंडाळण्यासाठी धुतलेला सुती रुमाल घ्यावा. वर्तमानपत्राच्या कागदात पोळी किंवा भजी गुंडाळू नयेत. छपाईच्या शाईतील रसायने तेलकट पदार्थात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्न वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई केली आहे. हे आम्ही वर्तमानपत्रातच लिहीत आहोत, तेव्हा वाचकांनी विश्वास ठेवायला हरकत नाही. वाचून झालेल्या या पानाचे पुस्तकाला कव्हर जरूर घालावे.

गणवेश : वाढत्या अंगाचा

आपल्या आया-आज्यांचा 'वाढत्या अंगाचे कपडे' हा शब्दप्रयोग नव्या पिढीने पुन्हा शिकून घ्यावा. शिंप्याला सांगून शिलाईत आणि खालच्या दुमडीत दोन बोटे माया ठेवून घ्यावी. वर्षाअखेरीस दुमड सोडली की तोच पायजमा, तीच पँट पुढचे वर्ष काढते. तयार कपड्यांत ही माया नसते, त्यामुळे ते लवकर आखूड होतात.

कापडाची निवड मात्र आरोग्याच्या दृष्टीने करावी. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टरचे प्रमाण जास्त असते. ते लवकर वाळते, इस्त्री कमी लागते, म्हणून सोयीचे वाटते. परंतु घाम शोषून घेण्याचे काम सूत जास्त चांगले करते. ज्या मुलांना घामोळ्या किंवा गजकर्ण वारंवार होते, त्यांना निदान आतले कपडे आणि मोजे तरी सुतीच द्यावेत. अर्धवट ओला गणवेश अंगावर वाळवायची सवय घातक आहे. पावसाळ्यात दोन गणवेश आलटून-पालटून वापरता आले पाहिजेत. एक नवा आणि एक मागच्या वर्षीचा, असे चालते.

थोरल्या भावाचा किंवा शेजारच्या मुलाचा गणवेश घेण्यात कमीपणा मानू नये. तो गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून वापरावा. घरात कोणाला गजकर्ण किंवा खरूज असेल तर ही काळजी विशेष घ्यावी आणि आतले कपडे, टॉवेल, मोजे मात्र कधीही एकमेकांचे वापरू नयेत. नव्या कपड्यालाही खळ आणि रंगाची रसायने लागलेली असतात, म्हणून तोही आधी एकदा धुऊनच घालावा.

बूट : इथे जुने नको

जुने वापरण्याच्या नियमाला बूट हा मोठा अपवाद आहे. वापरलेला बूट पहिल्या मुलाच्या पायाच्या ठेवणीप्रमाणे आतून दबलेला असतो. तो दुसऱ्याच्या पायाला नीट बसत नाही. फारच कमी वापरलेला, टाच न झिजलेला आणि मापाचा असेल तरच घ्यावा.

बूट खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. दोन्ही पायांचे माप घ्यावे, ते क्वचितच तंतोतंत सारखे असते. मुलाला उभे करून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. गणवेश वाढत्या अंगाचा चालतो, म्हणून बूटही दोन नंबर मोठा घेणारे पालक असतात. असा बूट टाचेला घासतो, फोड आणतो आणि मूल अडखळून पडते. मूल दुकानात येणार नसेल तर कागदावर दोन्ही पावले ठेवून पेन्सिलीने आकार काढून न्यावा. लहान मुलांचा पाय झपाट्याने वाढतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी माप पाहावे.

आता पावसाचे बोलू. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास राहतो. तेव्हा सगळ्यांनी एकच यादी घेऊन खरेदी करणे शहाणपणाचे नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत जून ते सप्टेंबर बंद चामडी किंवा कॅनव्हासचे बूट वाळतच नाहीत. ओल्या बुटात पाय सहा तास राहिला की बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, भेगा पडतात आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. या भागातील पालकांनी पालक सभेत शाळेला विनंती करावी की पावसाळ्यात साध्या पावसाळी चपला किंवा सँडल चालू द्याव्यात आणि बुटांची सक्ती दिवाळीनंतर करावी. मुख्याध्यापक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे नव्या बुटांचा खर्च दिवाळीवर ढकलता येतो आणि पायही वाचतात. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. माण-खटावच्या पालकांनी उलट पावसाळी सामानात पैसे अडकवू नयेत, चांगल्या सुती टोपीचा आणि पाण्याच्या बाटलीचा विचार आधी करावा.

रेनकोट घेताना तो हुंगून पाहावा. उग्र वास येणारा, हाताला चिकट लागणारा पातळ प्लास्टिकचा रेनकोट टाळावा. पिवळा, केशरी असा भडक रंग घ्यावा, धुक्यात आणि पावसात वाहनचालकाला मूल दुरून दिसते. मोसम संपल्यावर रेनकोट पूर्ण वाळवून, थोडी टाल्कम पावडर भुरभुरून ठेवला तर तो चिकटत नाही आणि पुढच्या वर्षी कामी येतो. छत्रीची काडी मोडली म्हणून छत्री फेकू नये. पावसाच्या तोंडावर बाजारात छत्री दुरुस्त करणारे बसतात, तेवढ्या दिवसांत त्यांना गाठावे.

वह्या-पुस्तके

निकाल लागला की वरच्या वर्गातील मुलाकडून निम्म्या किंवा पाऊण किमतीत पुस्तके घ्यायची आणि ती वर्षभर जपून पुढच्याला द्यायची, हा व्यवहार चाळिशी-पन्नाशीतील प्रत्येक वाचकाने केलेला आहे. पुस्तक आपले नाही, पुढे कोणाला तरी द्यायचे आहे, ही जाणीव त्यातून मुलाला मिळत असे. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. त्यापुढील वर्गांसाठी आणि विनाअनुदानित शाळांतील मुलांसाठी पुस्तकपेढीची प्रथा पुन्हा सुरू करण्यासारखी आहे. मात्र अभ्यासक्रम बदललेल्या इयत्तेची जुनी पुस्तके घेऊ नयेत. राज्यात पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये बदलला आणि वरच्या इयत्तांचा बदल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. म्हणून शाळेत विचारूनच जुनी पुस्तके घ्यावीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या वर्षीच्या वह्या काढाव्यात. प्रत्येक वहीत दहा-वीस कोरी पाने उरलेली असतात. ती काढून, जुळवून, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवली की दोन-तीन कच्च्या वह्या सहज होतात. पाठकोरे कागद गणिताच्या आकडेमोडीला उत्तम. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड पानांची कव्हरे टिकतात, प्लास्टिकच्या कव्हरांची गरज राहत नाही. लहान वर्गांत दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी घ्यावी, ओझे कमी होते आणि वही पूर्ण वापरली जाते.

शिसपेन्सिलीत शिसे असते असा एक गैरसमज आहे. तिच्यात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. तरीही पेन्सिलीचे टोक आणि वरचा रंग चावण्याची सवय मोडावी. सुगंधी, फळांच्या आकाराची खोडरबरे लहान मुले तोंडात घालतात आणि तुकडा घशात अडकण्याचा धोका असतो. साधे पांढरे खोडरबर तेच काम करते. पेन असे घ्यावे की ज्यात रिफिल बदलता येईल.

टाकलेली वस्तू जाते कुठे?

शाळेच्या खरेदीचा हा भाग कोणी विचारात घेत नाही. जूनमध्ये घेतलेली बाटली, चेन तुटलेले दप्तर, फाटका रेनकोट आणि झिजलेल्या चपला दिवाळीच्या साफसफाईत बाहेर पडतात. गावाकडे घंटागाडी रोज येत नाही. मग हे सगळे परसात पेटवले जाते किंवा थंडीत बंब पेटवण्यासाठी ढलप्यांबरोबर खाली सारले जाते. प्लास्टिक चांगले पेट घेते, म्हणून बाया-माणसे ते जपूनही ठेवतात.

हा धूर फार वाईट. रेनकोट आणि स्वस्त दप्तरांत वापरले जाणारे पीव्हीसी जळले की त्यातून आम्लयुक्त वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. सकाळी बंबापाशी शेकत बसलेली मुले आणि म्हातारी माणसे तो धूर छातीत घेतात. दमा असलेल्या मुलांचा त्रास त्याने बळावतो. आपल्या राज्यात २०१८ पासून आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. पण बाटली, दप्तर, रेनकोट या बंदीत येत नाहीत. त्यांचा कचरा कमी करायचा तर त्या कमी घेणे आणि जास्त वर्षे वापरणे, हाच मार्ग आहे. मोडकी बाटली भंगारवाल्याला द्यावी. बंबाखाली प्लास्टिक कधीही घालू नये.

यादीत नसलेली, पण सर्वांत आधीची गोष्ट

शाळेच्या यादीत वह्यांची संख्या असते, डोळ्यांचा उल्लेख नसतो. म्हणून प्रत्येक पालकाने यादीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने लिहावे: नजर, दात, लस.

मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, डोळे बारीक करते किंवा दुपारनंतर डोके दुखते म्हणते, तर नजर तपासावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यातील पथके शासकीय व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांना चष्मेही मोफत मिळतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा त्रिगुणी लसीचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. यातील कशालाच पैसे पडत नाहीत, फक्त एक दिवस काढावा लागतो.

आपला जिल्हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिक्षणासाठी काय खर्च करावा आणि कशासाठी करावा, याचा याहून मोठा धडा आपल्याला कुठे शोधायला नको.

पाटणच्या त्या मुलाला मी उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. दोन्ही डोळ्यांना उणे दीड नंबर निघाला. चष्मा मोफत मिळाला. दिवाळीची वाट पाहिली असती, तर सहावीचे अख्खे पहिले सत्र त्याने फळा न दिसताच काढले असते.

यंदा मे महिन्यात आजी गुडघेदुखीसाठी आल्या तेव्हा नातवाची चौकशी केली. "डोकं दुखायचं थांबलंय," त्या म्हणाल्या. "दप्तर त्येच हाय. चाकं काढून टाकली, चेन बसवून घेतली. यंदा त्या पैशात चष्म्याची काच बदलायची हाय, नंबर वाढला आसंल तर."

थोडक्यात

१. खरेदीला जाण्यापूर्वी मागच्या वर्षीचे सामान जमिनीवर मांडा. धड काय आहे ते पाहूनच यादी करा.

२. भरलेले दप्तर काट्यावर ठेवा. मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको.

३. बाटली आणि डबा स्टीलचा. पोळीला सुती रुमाल.

४. गणवेश जुना चालेल, शिलाईत माया ठेवा. बूट मापाचे घ्या, दुसऱ्याचे झिजलेले नकोत.

५. मोडके प्लास्टिक जाळू नका.

६. सगळ्यांत आधी नजर तपासा.